उभी राहिलेली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर: कोणते काम आधी, कोणते नंतर

सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी बहुधा चकाकत येतात. बाहेरून नवा रंग असतो, आत नव्या सीटा असतात, आणि ब्रेकचे पेडल मात्र तळाला टेकलेले असते. मालकाने काटकसर केलेली नसते आणि बहुतेक वेळा कारागीरही वाईट नसतो. चुकलेला असतो तो कामांचा क्रम. माझ्या पहिल्या गाडीत मीही हेच केले होते. रंग झाल्यावर मास्टर सिलिंडर काढायला घेतले, त्यातून ब्रेक ऑइल सांडले, आणि दोन दिवसांत इंजिनमागच्या पत्र्यावरचा ताजा रंग भिजलेल्या कागदासारखा सुटून आला. तेव्हापासून पुढील क्रम मी मोडलेला नाही. तो पद्मिनीसाठी लिहिला असला, तरी तिच्या आधीच्या फियाट ११०० डिलाइटला जवळजवळ तसाच लागू पडतो.

१. कागदपत्रे: पाना हातात घेण्याआधी

पहिले काम आरसी पुस्तक आणि गाडी यांचा मेळ घालण्याचे आहे. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वच्छ पुसून त्यांवर पातळ कागद ठेवावा, पेन्सिल घासून ठसा घ्यावा आणि तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावा. इंजिन मध्येच कधीतरी बदललेले असेल आणि त्याची नोंद झालेली नसेल, तर तो प्रश्न आत्ताच सोडवावा. सगळा खर्च झाल्यावर तो अडचणीचा होतो.

खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर तपासणी करून एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणीही मिळू शकते. तिचा क्रमांक ‘व्हीए’ मालिकेतला असतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती चालवता येते. बाजारहाटाला गाडी न्यायची असेल, तर या नोंदणीच्या मोहात पडू नये.

> सावधान: पद्मिनीत एखाद्या नव्या छोट्या गाडीचे इंजिन बसवण्याचा बेत अनेकांच्या मनात असतो. १९३२ ची फोर्ड घेऊन तिचे छत कापणारे, तिच्यात दुसरेच इंजिन घालणारे अमेरिकन हॉट रॉडवाले पाहून तो बळावतो. मला त्या गाड्या मनापासून आवडतात, परंतु आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. आरटीओच्या आगाऊ मंजुरीवाचून केलेल्या बदलामुळे नोंदणी आणि विमा हे दोन्ही धोक्यात येतात.

२. जागा, वही आणि डबे

गाडीच्या लांबी-रुंदीच्या किमान दुप्पट कोरडी जागा लागते, कारण खोललेली गाडी अखंड गाडीपेक्षा खूप जास्त जागा खाते. चार भक्कम स्टँड घ्यावेत आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना), फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पात्या), कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे), मल्टिमीटर आणि मूळ सर्व्हिस मॅन्युअलची प्रत ही हत्यारे सुरुवातीलाच जमवावीत. व्हॉल्व्हचे गॅप, हेडचा (सिलिंडरांवरच्या झाकणाचा) टॉर्क, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचे अंतर हे आकडे मॅन्युअलमधूनच घ्यावेत, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

मोबाइलमध्ये फोटो काढले की झाले, असे आजकाल सगळ्यांना वाटते. फोटो काढावेतच, परंतु एक जाड वहीही ठेवावी. कोणता बोल्ट कोठला, त्याची लांबी किती, खाली वॉशर होता की नव्हता, हे आठ महिन्यांनी फोटोतून उमगत नाही. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात टाकून डब्यावर वहीतील पानाचा क्रमांक लिहावा.

३. पाहणी: हातोडी, चुंबक आणि बारीक पेचकस

पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो. त्यामुळे गंज हा येथे दिसण्याचा नव्हे, ताकदीचा प्रश्न आहे. दारांखालची सिल, पुढच्या-मागच्या पायाखालचा फ्लोअर, जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ आणि मागचे स्प्रिंगपाटे जेथे अडकतात तो भाग ही सहा ठिकाणे आधी पाहावीत. चुंबक फिरवावा, जेथे तो धरत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

गेल्या वर्षी एका गाडीच्या सिलवर पेचकसाच्या मुठीने ठोकले, तर आवाज मातीच्या मडक्यासारखा बद्द आला. टोक जरा दाबताच ते आत गेले. रंगाचे तीन थर, त्याखाली बोटभर पुट्टी, आणि पुट्टीला आधार म्हणून आत कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा निघाला, ज्यावरचा मजकूर अजून वाचता येत होता. ती गाडी वरून इतकी सरळ दिसत होती की विकत घेताना मालकाने खाली वाकून पाहिलेच नव्हते.

> तपासा: चारही दारे उघडून हळूच लावून पाहावीत. दार उघडताना खाली झुकत असेल आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद दिसत असेल, तर नुसत्या बिजागरीवर संशय घेऊ नये. सांगाडा मध्ये बसलेला असू शकतो.

४. इंजिन हाताने फिरवून पाहणे

अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट चावी फिरवणे ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. सिलिंडरच्या भिंतीवर चढलेल्या गंजाला अडकून पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि चिकटलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो.

चारही प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण २५ मिलिलिटर डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ एटीएफ ऑइल यांचे मिश्रण ओतावे आणि तीन-चार दिवस गाडीला हात लावू नये. त्यानंतर क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना घालून इंजिन थोडे पुढे, थोडे मागे असे डुलवावे. हलले नाही, तर आणखी चार दिवस थांबावे. पान्याला लांब पाइप जोडून जोर लावण्याचा मोह येथे सगळ्यांनाच होतो, पण तो आवरावा लागतो. इंजिन मोकळे झाल्यावर सम्पमधील (इंजिनच्या तळाच्या भांड्यातील) ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वरून ओतलेले डिझेल झिरपून त्यातच मिसळलेले असते.

आता स्टार्टरने फिरवून कम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, म्हणजे तफावत दहा टक्क्यांच्या आत असेल, तर इंजिन खाली उतरवण्याची घाई करू नये. एखाद्यात आकडा कमी आल्यास त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच कमी आला, तर बहुधा गॅस्केट त्या दोहोंच्या मध्ये उडालेले असते.

५. पत्र्याचे काम

येथे मी सर्वांत जास्त वेळ देतो आणि आपणही द्यावा. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरपे आणि आडवे तात्पुरते वेल्ड करून घ्यावेत. ते न करता सिल कापली, तर सांगाडा मध्यभागी काही मिलिमीटर खचतो आणि नवी सिल त्याच वाकड्या स्थितीत पक्की होते. मग जगातला कोणताही डेंटर ते दार नीट लावून देऊ शकत नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहावेत, एका वेळी एकच बाजू कापावी, आणि वेल्डिंग पुरे करण्याआधी दार टांगून फट पाहावी.

वेल्डिंग सलग ओढू नये. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा सलग उष्णतेने ताणला जातो आणि पापडासारखा फुगतो. एक टाका येथे, पुढचा हातभर अंतरावर, पहिला थंड झाल्यावर त्याच्या शेजारी पुन्हा एक, असे मिग (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या विजेच्या) वेल्डिंगने भरत जावे. गॅस वेल्डिंगवर हात बसलेले जुने कारागीर फार सुंदर काम करतात, पण मोठ्या सपाट पत्र्यावर मला मिगच हवे असते. गंजलेला पत्रा निरोगी भागापर्यंत कापावा. गंजावरच नवा तुकडा चढवणे हा कारागिराच्या वेळेचा बचाव असतो, गाडीचा नव्हे. दोन पत्रे जेथे एकावर एक येतात, तेथे आतून जस्ताचा वेल्डिंग-प्रायमर लावावा, कारण ती जागा नंतर कधीच हाताला लागत नाही.

> सावधान: वेल्डिंगआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दोन्ही गाडीतून काढून दूर ठेवावीत. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. टाकीला स्वतः कधीही वेल्डिंग करू नये. आणि चासी क्रमांकाच्या जागेवर घासकाम सुरू होण्याआधी जाड टेप चिकटवावा; पुट्टीखाली किंवा ग्राइंडरखाली गेलेला क्रमांक आरटीओत फार महाग पडतो.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सकाळपर्यंत त्यावर तांबूस साय धरते. दिवसभरात जेवढे घासले, तेवढ्यावर त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर चढवावा. पुट्टी हवी तेथे जरूर लावावी, पण एक-दोन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल, तर पत्रा अजून ठोकून सरळ व्हायचा आहे असे समजावे.

६. इंजिनकाम

हे इंजिन १०८९ सीसीचे आहे, मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. ही जोडी लक्षात ठेवली की निम्मे दोष आपोआप कळतात: गाडी तापली की हेड वाकते आणि नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चालली की हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात.

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. झीज ओव्हरसाइजची, म्हणजे बोअर वाढवून मोठा पिस्टन घालण्याइतकी असेल, तर पुढील वाक्य ठळक अक्षरांत वाचावे. ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नये. क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंगच्या बाबतीतही हेच. ‘आधी बोअर करून ठेवू, पिस्टन शोधू सावकाश’ असे म्हणणाऱ्यांचे ब्लॉक मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर्षभर पडलेले पाहिले आहेत. कारखाना बंद होऊन दोन दशके उलटली आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा जुन्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जो माप मिळेल, त्या मापाचा बोअर करायचा असतो. मिळालेला पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याप्रमाणेच क्लिअरन्स ठेवायला टर्नरला सांगावे, कारण डब्यावरचा आकडा आणि आतला पिस्टन यांचे जमतेच असे नाही.

हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज सरकवावी, ०.०५ मिमीची पाती सहज शिरत असेल, तर फेसिंग करावे, म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करावा लागेल. मात्र आधी किती वेळा फेसिंग झाले आहे हे जाडी मोजून पाहावे. इंजिन बाहेर आहे तोवर ब्लॉकचे सगळे वेल्श प्लग (पाण्याच्या वाटांची भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) बदलावेत. हे प्लग स्वस्त असतात, पण गाडीत बसल्यावर मागचा प्लग गळू लागला की गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हेडचे नट मधल्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळावेत. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. प्लगच्या तारा उलटसुलट लावून ‘कार्ब्युरेटर खराब आहे’ म्हणणारे फोन मला अजूनही येतात.

> तपासा: पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग न लावता स्टार्टरने थोडे-थोडे फिरवावे. ऑइलचा दिवा विझेपर्यंत आणि रॉकरवर ऑइल पोहोचलेले डोळ्यांनी दिसेपर्यंत प्लग लावू नयेत.

७. ब्रेक आणि पुढची चाके

चारही चाकांना ड्रम आहेत. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ड्रममधली धूळ कम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके टाकून द्यावे. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर यांचे रबर बदलून भागेल का, असे सगळे विचारतात. आतल्या भिंतीला नखाला लागेल एवढाही खड्डा असेल, तर भागणार नाही. नवे रबर काही आठवड्यांत फाटते. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदलावेत, कारण ते आतून सुजतात आणि पेडल सोडल्यावरही चाक धरून ठेवतात. लोखंडी पाइपांच्या जागी एसीवाल्याकडची साधी तांब्याची नळी वापरू नये.

पुढच्या चाकांच्या किंग पिना (ज्यांवर चाक वळते त्या उभ्या खिळी) आणि बुश हा या गाडीचा दुखरा भाग आहे. चाक उचलून वर-खाली धरून हलवावे, त्याच वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबूनही खेळ राहिला, तर दोष बेअरिंगचा नसून किंग पिनचा आहे. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे चार आकडे पाहावेत: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

८. पेट्रोलची वाट

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात टिकत नाही. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घ्यावेत. मेकॅनिकल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केटही बदलावेत. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पारदर्शक फिल्टर लावून तो रोज पाहावा.

९. रंग आणि त्यानंतरची जोडणी

रंगाच्या आधी संपूर्ण गाडी एकदा कच्ची जोडून पाहावी: दारे, बॉनेट, डिकी, बंपर, दिवे. बंपरची भोके रंगानंतर वाढवावी लागणे यासारखा त्रास नाही. पुट्टी, प्रायमर, वॉटर पेपर हा क्रम कारागिराला ठाऊक असतो. आपण फक्त घाई करू नये आणि जून ते सप्टेंबर रंगकाम घेऊ नये. दमट हवेत जुन्या पद्धतीच्या ड्यूको (झटपट वाळणाऱ्या सेल्युलोज) रंगावर पांढरट झाक येते आणि ती पॉलिशने जात नाही. पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणार असल्यास कापडी रुमाल पुरत नाही, फिल्टरचा योग्य मास्क लागतो.

रंगानंतर प्रथम बंद जागांत गंज रोखणारे मेण भरावे, मग ब्रेकच्या नळ्या, मग वायरिंग, मग छताचे कापड, आणि त्यानंतरच पुढची-मागची काच. काच आधी बसवली, तर छताच्या कापडाची कड खोचायला जागा उरत नाही.

वायरिंग झाल्यावर दिवे मंद पेटतात, हॉर्न घोगरा वाजतो, आणि सगळे जण डायनॅमोला दोष देतात. बहुतेक वेळा कारण नवा रंगच असतो: अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा राहिलेला असतो. ५५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात आणि जुन्या गाडीत हा सगळा प्रवाह स्विचमधूनच जातो. म्हणून रिले आणि फ्यूज घालावेत. बाहेरून काही दिसत नाही आणि स्विच जळत नाही.

१०. पहिले ५०० किलोमीटर

पहिली फेरी गल्लीतच, दिवसा आणि अग्निशामक सोबत घेऊन मारावी. आधी ताशी २० किलोमीटरला ब्रेक चार-पाच वेळा दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. परत आल्यावर चारही ड्रमला हात लावावा. एकच गरम लागला, तर त्या चाकाचे ॲडजस्टमेंट घट्ट आहे किंवा तो होज बदलायचा राहिला आहे.

इंजिन नवे बांधलेले असेल, तर त्याला तासभर नुसते चालू ठेवून ‘सेट’ करण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण रिंगा बसायला थोडा भार लागतो. वेग कमी-जास्त करीत चालवावी, टॉप गिअरमध्ये ओढू नये आणि घाट टाळावा. पहिल्या ५०० किलोमीटरला ऑइल बदलावे. मॅन्युअलमध्ये सांगितले असल्यास थंड इंजिनवर हेडचे नट पुन्हा टॉर्क करावेत आणि मग व्हॉल्व्हचे गॅप मोजावेत, कारण नट आवळल्यावर गॅप बदलतात. किंग पिनांच्या निपलमध्ये ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत गन थांबवू नये. एखाद्या निपलमधून काहीच बाहेर येत नसेल, तर तो काढून तारेने साफ करावा.